तुरीतला भोंगा

मुकुटबन
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबारावदादास पंचफुलाचा नमस्कार.

दादा, पत्र पाहून घाबरू नको. माणसं सारी जागेवर आहेत. भुऱ्या बिघडला.

परवा दिवेलागणीले समीक्षा अंगणात खेळून राह्यली होती. तिचा चेंडू तुरीत गेला. तो घेऊन ती पळत घराकडे आली अन् भुऱ्यानं तिचा हात धरला, कोपराच्या खाली. धरला तो सोडेच ना. अतुलनं जबड्यात काठी घातली तेव्हा सुटला. पाच वर्षांची पोट्टी, दादा. सरकारी दवाखान्यात जखमा धुतल्या, सुया सुरू केल्या. डॉक्टरनं सांगतलं, कुत्र्याले मारू नका, बांधून ठेवा अन् दहा दिवस नजर ठेवा. पिसाळला असंल तर कळंल.

शीला माह्याशी बोलत नाही. बोलली असती तरी मले कुठी ऐकू येणार होतं? पण आता ती तोंड फिरवून बोलते, म्हणजे मले ओठही दिसू नाही. तिची लेक ते माही नात, हे तिले माहीत आहे. पण कुत्रं माह्यं आहे ना.

अतुल म्हणते, डॉक्टरची मुदत सरली का याले गाडीत घालतो अन् पांढरकवड्याकडे वाघाच्या जंगलात सोडून येतो. तिकडे सोडणं म्हणजे काय, ते तुले सांगाले नको.

पोळ्याच्या मागंच हे गेले. त्याईचं म्हणून माह्याजवळ एक भुऱ्याच राह्यला आहे. तू गाडीचा आवाज ऐकून सांगते बिघाड कुठी आहे. माह्या कुत्र्याचा बिघाड सांग.

पूनमसिंगच्या काळीपिवळीनं पत्र धाडून राह्यली. उत्तर त्याच्याच हाती दे. पोस्टाची वाट पाहात नको बसू.

तुही,
पंचफुला


वणी
२१ नोव्हेंबर २०२४

चि. पंचफुला हिस बाबारावचे आशीर्वाद.

हा दुसरा कागद आहे. पहिल्यावर, भगवानराव गेले हे विसरून, सवयीनं तुझ्या नावामागं 'सौ.' लिहून बसलो. मग खोडत बसण्यापेक्षा कागदच बदलला.

पूनमसिंगनं पत्र दिलं आणि वर म्हणाला, "भाऊ, बहिणीले मोबाईल घेऊन द्या ना, मी काय पोस्टमन आहो?" मी म्हटलं, बापा, तुझ्या गाडीचा पट्टा कोण बदलून देते फुकटात? मोबाईलचं मी करून पाहिलं आहे. अतुलच्या फोनवर तुझ्यासाठी लिहिलं की ते आधी शीला वाचते, मग अतुल वाचतो, आणि उरलं तर तू. त्यापेक्षा कागद बरा. दहा वर्षांमागं तुझ्या डोक्यात ताप गेला आणि कान घेऊन गेला. माझे मात्र असे आहेत की ट्रक नाक्यावर वळला की मी आतूनच पोट्ट्यांना सांगतो, याचं बेअरिंग गेलं, पाना काढा. मायनं दोघांच्या वाटणीचे कान मलाच दिले. अक्षर मात्र तुला दिलं. माझं हे कोंबडीनं उकरल्यासारखं, सांभाळून घे.

आता भुऱ्याचं. गिऱ्हाईक येऊन म्हणतो, "बाबारावभाऊ, गाडी बिघडली." मी म्हणतो, हे काही सांगणं झालं नाही. केव्हा आवाज करते? चढावर का उतारावर? थंड असताना का तापल्यावर? तसंच मला सांग. भुऱ्या याआधी कोणाला चावला? कोणत्या वेळी? माणूस कोणत्या बाजूनं येत होता? त्याआधी गुरगुरला का एकदम धरलं?

जनावर उगाच चावत नाही. सायकलचे पंक्चर काढत होतो तेव्हापासून रस्त्यावरची कुत्री पाहत आलो. एक तर त्याला कुठं दुखत असते, नाहीतर भीती बसलेली असते, नाहीतर काही राखायचं असते. त्याचे कान आतून पाहा, घाण वास येतो का. दाढा पाहा. मानेच्या पट्ट्याखाली गोचीड असतात.

आणि रागावू नको, पण विचारतो. घरात त्याला कोणी तुझ्यामागं मारत तर नाही? तुला ऐकू येत नाही. सूनबाईला कुत्रं पहिल्यापासून आवडत नाही हे मी लग्नातच ओळखलं होतं. तुला न दिसता काठी चालत असली तर ते जनावर तिच्या लेकरावर राग काढणारच.

लवकर लिही.

बाबाराव


मुकुटबन
२८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

शीलाबद्दल लिहिलं ते वाचून मी दोन दिवस पेनच हातात घेतला नाही. दादा, तुह्ये कान तेज आहेत म्हणून तुले सारंच ऐकू येते असं नाही. शीलानं त्याले कधी बोटही लावलं नाही. तिले कुत्रं आवडत नाही हे खरं. पण मी तापानं पडली होती तेव्हा त्याले भाकर कोण टाकत होतं? नाक धरून टाके, पण टाके.

कान पाह्यले, साफ आहेत. दाढा बऱ्या आहेत. मी तोंडात हात घातला तरी तो गुमान पडून होता, डोळे मिटून.

तू विचारलं ते सांगतो. आधी दसऱ्याच्या सुमारास अतुलले पायाले धरलं. अतुल तुरीतून घराकडे येऊन राह्यला होता, अंधार पडत होता. मंग शेजारच्या नंदाबाईची बकरी धरली, ती आपल्या तुरीत घुसली होती. अन् आता समीक्षा. तिन्ही वेळा सांज होती अन् येणारं तुरीकडूनच येत होतं. गुरगुरत नाही, सीधं धरते. दिवसा गरीब. समीक्षा त्याच्या शेपटीले रिबन बांधे, हा झोपून राहे.

सांज झाली का साखळीले हिसके देते. मानेचे केस उडाले. रात्रभर तसाच. सकाळी ऊन पडलं का मान टाकते. खाणं कमी झालं.

भीतीचं म्हणशील तर घर वावराच्या कडेलाच आहे, तुले माहीत आहे. डुकरं लय झाली म्हणून तुरीत भोंगा बसवला आहे, सोलरवर चालते, सांजचा अतुल सुरू करते अन् सकाळी बंद करते. पण तो ऑगस्टपासून आहे. भुऱ्याले त्याची सवय आहे. त्याचं काही नाही.

दहा दिवस सरले, कुत्रं पिसाळलेलं नाही. म्हणून अतुलचा हात मोकळा झाला. येत्या रविवारी गाडी सांगतली आहे.

दादा, तू ये.

पंचफुला


वणी
३ डिसेंबर २०२४

चि. पंचफुला हिस आशीर्वाद.

काल तुझ्याकडून निघताना तुझ्याशी काही बोललो नाही. कागदावर बोलावं असं ठरवलं होतं, कारण तोंडानं बोललो असतो तर तू माझ्या ओठांकडे पाहिलं असतं, आणि ते मला झेपलं नसतं.

आधी शीलाचं. मी तिची माफी मागितली. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "मामाजी, कुत्र्याचं मले बी वाईट वाटते. पण पोट्टी झोपेत हात झटकते, ते कोण पाहाते?" अतुलला मात्र सांगितलं, बापा, मकर संक्रांतीपर्यंत थांब, मी बिघाड काढून देतो. नाहीच निघाला तर मी स्वतः कुत्रं वणीला नेतो. तो कबूल झाला.

बिघाड निघाला, पंचफुला. तू लिहिलं होतं, भोंग्याचं काही नाही. तुझंही बरोबर आहे, तुला तो ऐकू येत नाही. मी काल सांजेला तुरीच्या कडेला धुऱ्यावर उभा होतो. अतुलनं खटका दाबला, आणि तुरीतून भगवानराव बोलले.

मी खरंच मागं वळून पाहिलं. "धर, भुऱ्या! धर! सोडू नको!" तोच आवाज, थोडा दमलेला. मग खोकल्यासारखं काही, आणि पुन्हा तेच. तुझ्या एकाही पत्रात हे नव्हतं की भोंग्यात तेच आहेत.

त्याच वेळी मागं साखळी वाजली. भुऱ्या ताठ उभा, कान पुढं. प्रत्येक 'धर'ला एक हिसका. मी मोजायचं सोडून दिलं.

मागच्या वर्षी मी तुमच्याकडं मुक्कामाला होतो तेव्हा भगवानरावांसोबत एक रात्र जागलीला गेलो होतो. डुकरं आली की ते उभे राहून हाच पुकारा करत. भुऱ्या सुटे, कळप नाल्यापार घालवी. पण मग ते दुसरा पुकारा करत, हळू आवाजात, घरात बोलल्यासारखा: "बस रे भुऱ्या, झालं आपलं. ये." की हा येऊन त्यांच्या पायाशी पडे. त्या 'बस'शिवाय तो परतत नसे. मी एकदा गंमत म्हणून 'बस रे' म्हणून पाहिलं. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भगवानराव हसून म्हणाले, "बाबारावभाऊ, तुमचं ऐकाले तो काय ट्रक आहे?"

अतुलला विचारलं, भोंग्यात 'बस' का नाही? त्यानं सांगितलं ते ऐक. ऑगस्टमध्ये भगवानराव खाटेवरून उठू शकत नव्हते, जागलीला कोण जाणार म्हणून अतुलनं भोंगा आणला आणि खाटेजवळ धरला. त्या मशीनमध्ये थोडाच वेळ आवाज भरता येतो, मग लाल लाइट विझतो. ते पूर्ण बोलले. 'बस रे, ये' सुद्धा बोलले. पण लाइट आधीच विझला होता. अतुल म्हणाला, "मामाजी, मी बाबाले सांगतलंच नाही. पुन्हा बोलायचा त्याईले दम नव्हता."

ते होते तोवर निभलं. भोंगा म्हणे 'धर', भुऱ्या तुरीत एक चक्कर मारून खाटेपाशी येई आणि ते म्हणत 'बस'. पोळ्यानंतर ते म्हणणारं कोणी राहिलं नाही. मालक रोज सांजेला कामाला लावतो आणि रात्रभर सुट्टी देत नाही. तुरीतून येईल त्याला तो धरतो आणि सोडत नाही, कारण तसंच सांगितलं आहे. मी तुला चावण्याची तीन कारणं लिहिली होती. चौथं राहून गेलं. जनावर बिघडलेलंच नाही, ते हुकूम पाळते आहे.

तेव्हा भोंगा बंद कर. डुकरांसाठी मी दुसरा पाठवतो, त्यात वाघाची डरकाळी आहे.

आणि एक. अतुल गुरांकडे गेल्यावर मी धुऱ्यावरून परत येत होतो. तू तुरीत उभी होतीस, तळहात भोंग्यावर ठेवून, डोळे मिटून. मी हाक मारली नाही.

बाबाराव


मुकुटबन
७ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

तू पाह्यलं ते बरं केलं. मले सांगावं लागलं नाही.

तुम्हा साऱ्याईले त्याईचा आवाज आठवते. मले नाही आठवत. दहा वर्षं झाली, हळूहळू निघून गेला. त्याईचे ओठ आठवतात, आवाज नाही. भोंगा बसवला त्या दिवशी मी सहज हात लावला अन् त्याईचा आवाज हातात आला. 'धर' म्हणजे एक मोठा धक्का. 'भुऱ्या' म्हणजे दोन लहान. अन् मधात एक बारीक थरथर. मी अतुलले विचारलं, हे काय आहे? तो म्हणे, बाबा खोकलले. म्हणजे खोकलाही आहे, दादा. तसंच तर ते माह्या बाजूनं झोपून रोज खोकलत.

तू म्हणशील, फोनमध्ये भरून घे अन् घरी हात ठेव. ते नाही. सांजेले मी भाकर बांधून देत होती अन् ते जागलीले जात होते. अजूनही मले वाटते, ते जागलीवर आहेत. घरी नाहीत, पण कामावर आहेत. भोंगा बंद केला म्हणजे मंग ते कुठी आहेत?

मी भुऱ्याले मागच्या अंगणात बांधतो, भिंतीच्या आड. त्याले आवाज कमी येईल. बंद करा म्हणू नको.

पंचफुला


वणी
११ डिसेंबर २०२४

चि. पंचफुला,

पत्र वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. पोट्ट्यांना वाटलं, मालकाची तब्येत बिघडली.

मी तुझा आवाज हिरावून घेत नाही. त्या दिवशीच मी तो फोनमध्ये भरून घेतला आहे. तू म्हणतेस तसं ते नव्हे, मान्य. पण दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडून ठेवतो. येशील तेव्हा मी बाहेर उभा राहीन.

पण भिंतीच्या आडानं काही होत नाही. माणसाच्या कानाला आणि कुत्र्याच्या कानाला तू एका मापानं धरू नको. मला घरात बसून नाक्यावरचं ऐकू येते, तर त्याला काय काय येत असेल. शिवाय तो आता म्हातारा आहे. भगवानराव सोबत असत तेव्हा हातात बॅटरी असे, कुऱ्हाडीचा दांडा असे. एकट्यानं सुळेवाल्या डुकरासमोर गेला तर काय? साखळी किती दिवस टिकते?

तू विचारलं, बंद केला तर ते कुठं आहेत. पंचफुला, मला माहीत नाही. मी मेकॅनिक आहे. मला एवढं कळते की चालू केलेली मोटर कोणीतरी बंद करावी लागते, नाहीतर ती जळते. भगवानरावांनी ती बंद केली होती. त्यांच्या तोंडून 'बस' निघालं होतं, फक्त मशीननं घेतलं नाही. ते पोचवायचं राहिलं आहे.

त्यांचे शब्द पुन्हा लिहून ठेवतो, जसे मी जागलीवर ऐकले तसे, त्याच ठेक्यात. 'बस रे भुऱ्या,' मग थांबत. 'झालं आपलं,' हे खाली उतरत. आणि 'ये' अगदी हळू, जवळच्या माणसाला म्हणावं तसं.

नवा भोंगा पूनमसिंगच्या गाडीत ठेवला आहे. लावायचा का नाही ते तू ठरव.

बाबाराव


मुकुटबन
१६ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

तुह्यं पत्र अन् नवा भोंगा शुक्रवारी सांजचा आला. मी वाचलं. पटलं. अतुलले म्हणलं, उद्या सकाळी जुना काढून टाक. तो म्हणे, "आताच काढतो ना माय." मी म्हणलं, आजची रात्र राहू दे. एवढी एक.

तुरीत गेली, हात ठेवला, घरी आली अन् झोपली. मले काय ऐकू येणार होतं?

सकाळी उजाडत होतं तेव्हा शीलानं मले हलवून उठवलं. तिनं तोंड माह्याकडे केलं होतं, समीक्षाले धरलं त्या दिवसापासून पहिल्यांदा. म्हणे, "माय, भुऱ्या नाही." साखळीचा खुंटा उपटून गेलता.

तो भोंग्याच्या खांबाजवळ पडला होता. बाजूची तूर सारी झोपली होती. डुकरानं पोटाच्या बाजूनं फाडलं होतं. जिता होता. अतुल उचलाले गेला तर दात दाखवले, कोणाले जवळ येऊ देईना. अन् दादा, थोड्या थोड्या वेळानं तो समोरचे पाय टेकून उठाले पाहे अन् पडे. पुन्हा उठाले पाहे. मले समजेना. मंग मी खांबावर हात ठेवला. भोंगा चालूच होता. एक मोठा धक्का, दोन लहान. धक्का आला का तो उठे.

मी खटका बंद केला. मीच केला. हाताखाली ते थांबले.

भुऱ्या भोंग्याकडे पाहून राह्यला होता. मी त्याच्यासमोर मातीत बसली. तुह्या पत्रातलं मले पाठ झालं होतं. तू लिहिलं तसं म्हणलं. 'बस रे भुऱ्या.' थांबली. 'झालं आपलं.' हे खाली उतरवलं, माह्या अंदाजानं. मंग 'ये.'

त्यानं पहिले भोंग्याकडे पाह्यलं. मंग माह्याकडे. मंग तो आला, दादा. हातभरच अंतर होतं, ते सरपटत आला अन् माह्या पायावर मान टाकली. मी हात त्याच्या गळ्यावर ठेवला होता. आत बारीक थरथर होती, खोकल्यासारखी. ती हातातच थांबली.

शीलानं आपली लुगड्याची घडी आणली अन् त्याच्यावर घातली. तुरीतच, खांबाच्या बुडाशी मातीत ठेवला त्याले. नवा भोंगा अतुलनं दुसऱ्या टोकाले लावला आहे. वाघ ओरडते म्हणे. मी हात लावून पाह्यला नाही.

एकच गोष्ट मनात अडकली आहे. दहा वर्षांत मी माहा आवाज ऐकला नाही. तो आला तो माह्या शब्दानं आला का त्याले दुसरं कोणी दिसलं, ते मले कळत नाही. म्हणून मी अतुलले विचारलं, मी 'ये' म्हणलं ते कसं निघालं? तुह्या बाबासारखं निघालं का?

अतुल काहीतरी बोलला. पण तोंड दोन्ही हातानं झाकून होता. मले ओठ दिसले नाहीत.

पंचफुला